मलेरिया नसताना मलेरियाची गोळी

"गोळ्या बंद कुणी केल्या?" मी तिसऱ्यांदा विचारलं. सुनीता सासूकडे बघत होती. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, लघवीतून प्रोटीन चाललेलं. म्हणजे किडनीला मार बसला होता. चार महिन्यांपूर्वी हीच पोरगी माझ्या हिंगोलीच्या दवाखान्यातून हसत तांड्यावर गेली होती. असंच ठीक राहिलं तर पुढच्या वर्षी दुसरं लेकरू होऊ दे, असं मीच तिला म्हणाले होते.

शेवटी सासू बोलली. "मलेरियावाल्या दादानं नेल्या. ताप आल्ता म्हणून बोटाचं रगत घेतलं. मंग म्हणला, मलेरिया न्हाई तर काहून खाऊन राहिली? डोळे जातील."

उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुनीताला ल्युपस होता. यात शरीराची राखण करणाऱ्या पेशी घरच्यांवरच उलटतात. पेशी आपल्या आतला कचरा स्वतःच खाऊन साफ करते, त्याला ऑटोफॅजी म्हणतात. ल्युपसमध्ये राखणदार पेशींचं हे काम बिघडतं आणि आपल्याच शरीराचे तुकडे शत्रू म्हणून पुढे केले जातात. मी तिला दिलेली मलेरियाची ती जुनी गोळी कचरा जिरवायच्या कप्प्यात शिरून हा सगळा खेळ मंदावते. हे मी पुढे कधीतरी वाचलं. त्या काळी एवढंच माहीत होतं, की गोळी थांबली की आजार उसळतो.

तांड्याकडच्या सरकारी डॉक्टरला फोन लावला. "तुमच्या मलेरियाच्या माणसाला गोळ्या उचलायला कुणी सांगितलं?"

"मॅडम, तो बराबर वागला. स्लाइड निगेटिव्ह होती. लोक उगाच गोळ्या साठवून खातात."

"अहो, तिला ल्युपस आहे."

"ते तुमच्या कागदावर कुठंय? आमच्या माणसानं पाहिलाय तो."

मी फोन आपटला. सासूनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये जपलेला कागद काढला. अक्षर माझंच. गोळीचं नाव, रोज एक. आजाराचं नाव नाही, किती दिवस तेही नाही. गर्दीच्या दिवशी सगळं तोंडी सांगून मोकळी झाले होते.

"तुमीच लिवलंय न्हवं?" सासूनं विचारलं. मी हो म्हणाले.

सुनीताला नांदेडला पाठवलं. ती वाचली, पण किडनी पहिल्यासारखी झाली नाही. दुसरं लेकरू आता नको, हेही मलाच सांगावं लागलं. ती फक्त "बरं" म्हणाली.

त्या मलेरियावाल्यावरचा आणि डॉक्टरवरचा राग अजून गेलेला नाही. स्वतःवरचा तर नाहीच. तेव्हापासून कागदावर आजाराचं नाव आणि खाली मराठीत, ठळक लिहिते: ही गोळी मलेरियासाठी नाही, मला विचारल्याशिवाय बंद करू नये. लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही.