शेजारच्या काकांना आलेलं कॅव्हेट

कडावला आमच्या आणि शेजारच्या काकांच्या शेतांमध्ये एकच बांध आहे, आणि त्यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं. त्या वर्षी काका बाबांना म्हणाले, "आता परत बांध कोरलास तर कोर्टातून स्टे आनीन." बाबा तडक कर्जतला वकिलाकडे गेले आणि एक नवा शब्द घेऊन आले. कॅव्हेट.

"लॅटिन हाय," बाबा ऐटीत आईला म्हणाले. "समोरच्यानं सावध ऱ्हावं, आसा अर्थ. आपन आदीच कोर्टाला सांगून ठेवायचं, माजं ऐकल्याबिगर काय ठरवू नका."

आईने विचारलं, भात वाढू का. पुढे दोन-तीन दिवस बाबा तो शब्द मिरवत होते. घरात कालवण काय करायचं, यावरही त्यांनी कॅव्हेट लावलं. आईने बोंबलाचंच केलं.

पण कायद्याप्रमाणे कॅव्हेटची एक प्रत समोरच्याला रजिस्टर टपालाने जाते. वकिलाने ती पाठवलीही. आता आमच्याकडची रीत अशी की, काकांना आलेला कुठलाही कागद वाचायला आमच्याच ओटीवर येतो. विजेचं बिल, बँकेचं पत्र, सगळं मीच वाचून दाखवते. भांडण चालू असलं तरी.

काका लिफाफा घेऊन ओटीवर टेकले. ते बघून बाबा आत पळाले आणि भाताच्या कणगीमागे लपले. हे ऐकल्यावर काका पुन्हा आमची पायरी चढणार नाहीत, याची मला खरंच भीती वाटत होती.

"वाच ना गं बाय. इंग्रजी दिसतंय."

मी वाचलं. चाचरत चाचरत अर्थही सांगितला.

"सावध?" काका म्हणाले. "लग्नात भटजीपन हेच वरडत व्हता. तवा मी कुटं सावध झालो?"

मला हसू आवरेना. काकांनी मात्र कागदाची नीट घडी घातली.

"म्हंजे तुज्या बापाचं ऐकल्याबिगर काय ठरवायचं नाय, येवडंच ना? मंग ऐकतो की. बोलव त्याला. कनगीमागं पाय दिसतात त्याचे."

बाबा बाहेर आले. वकिलाने पढवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. ते एवढंच म्हणाले, "हातभर कोरलाय रं मी. तीन वर्सं झाली."

"ठाव हाय," काका म्हणाले. "तू सांगशील म्हनून तर थांबलो व्हतो."