सिस्टरबाईंचं सकाळचं गीत

लकवा मारला तेव्हा उजव्या हाताबरोबर माझी वाचाही गेली. आंधळगावात माझ्याइतका बडबड्या आणि भांडकुदळ माणूस दुसरा नव्हता, असं माझी बायकोच सांगते. देवाने नेमकं तेच तोंड बंद करावं? खाटेवर पडल्या पडल्या मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या हासडायचो. देवालाही सोडत नव्हतो.

आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात एक रीत आहे. कोणाच्या घरी मोठं दुखणं आलं की आजूबाजूचे माग उशिरा सुरू होतात, रोग्याला झोप मिळावी म्हणून. माझ्या पोराने तर आमचा माग बंदच ठेवला. त्या शांततेत मला भिंतीपलीकडून सिस्टरबाई पहिल्यांदा ऐकू आल्या.

सिस्टरबाई म्हणजे आमच्या शेजारीण. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, नवरा गेल्यावर एकट्याच राहायच्या. रोज सकाळी भांडी घासता घासता ख्रिस्ती गीतं म्हणायच्या, जुनी, संथ, आजी-पणजीपासून चालत आलेली. इतक्या वर्षांचा शेजार, पण आमच्या मागावरच्या धोट्याच्या खटखटीत त्यांचा एक सूर कधी कानावर पडला नव्हता.

एक गीत रोजचंच होतं. वादळात नाव सापडली आहे, पण देव सोबत बसला आहे, अशा अर्थाचं. आमच्या भजनात टाळ-मृदंगाचा दणका असतो, तिथे रडायला सवड नसते. या गीताला घाईच नव्हती. ऐकताना डोळ्यांना धारा लागायच्या आणि छातीवरचं ओझं उतरायचं. देव त्यांचा असेल, दुखणं तर माझं होतं ना! दिवसभरात तेवढीच घटका मला माणसासारखं वाटायचं.

घात केला त्या धारांनीच. एका सकाळी बायकोने त्या पाहिल्या. तीच चाल तिने सिस्टरबाईंच्या नवऱ्याच्या मयताला ऐकली होती.

"अवो माय, हे तर मयताचं गाणं! तरीच हे रोज काहून रडून राहिले म्हणलं!"

मी मान हलवली, डावा हात खाटेवर आपटला, ब्या ब्या केलं. तिला वाटलं, मी हो म्हणतोय. पदर खोचून तशीच शेजारी गेली. पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

"सिस्टरबाई, राग नका मानू. तुमचं गाणं आयकून त्यायले लय त्रास होऊन राहिला. आमी माग बंद ठेवला ना, तसं जराक..."

"आधीच सांगाचं ना वं माय! जनमभर रोग्यायची सेवा केली, आन मलेच समजलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून नुसता भांड्यांचा आवाज यायचा. तोही जपून.

मग त्या रोज माझ्यासाठी पेज घेऊन यायला लागल्या. "कसं वाटते भाऊ?" मी त्यांच्या ओठांकडे बोट दाखवायचो, त्या चमचा माझ्या तोंडात घालायच्या. डाव्या हाताने पाटीवर लिहू गेलो तर अक्षरंच सुचेनात. असा संताप यायचा! एकदा वाटीच भिरकावली. त्यांनी खाली बसून पेज पुसली आणि म्हणाल्या, "असू द्या, दुखण्यात होते असं."

पावसाळा सरता सरता त्यांची मुलगी त्यांना गोंदियाला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

पुढे पोराने माग सुरू केला. हिवाळ्यातल्या एका दुपारी त्या ठेक्यावर मी नुसता गुणगुणत बसलो होतो, आणि तोंडातून शब्द निघाले. ज्याला पाणी मागता येत नव्हतं तो गात होता! तेच गीत, अख्खं कडवं. बायको हातातलं सूप टाकून धावत आली. डॉक्टर नंतर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं पण गाणं राहतं.

"हे गाणं तुमाले आवडे?" तिने विचारलं.

मी मान हलवली. या वेळी तिला कळलं.

गोंदियाला फोन तिनेच लावला. सिस्टरबाई नाताळाच्या आधीच गेल्या होत्या. मुलगी सांगत होती, "शेवटी शेवटी आमी म्हणत होतो, आई, एखादं गीत म्हण, तुलेच बरं वाटन. तर म्हणे, नको बाई, बाजूले कोणी आजारी असन, त्याले त्रास होते."

बायकोने फोन खाली ठेवला. ती बाई आपल्या गाण्याने लोकांना त्रास होतो असंच मनात धरून गेली, आणि ज्याला त्या गाण्याने जगवलं तो भिंतीअलीकडे मुका पडून होता. याचं दुःख लकव्यापेक्षा मोठं आहे.

आता अडखळत का होईना, बोलतो. रोज सकाळी माग सुरू होण्याआधी त्या भिंतीशी बसून गीत म्हणतो. पलीकडे अजून कुलूपच आहे. बायको शेजारी येऊन बसते आणि म्हणते, "जोरानं म्हणा जी."