घासलेला पट्टा

राजुऱ्याकडच्या एका गावात देवळामागे पारव्यांचा दगडी बुरूज होता. वर शंभरेक कोनाडे, आणि कोनाड्यांखाली बुरजाला वेढा घालणारा, आरशासारखा घासलेला दगडी पट्टा. तो उमाजी गवंड्याच्या आज्यानं घरच्यांना हाताशी घेऊन घासला होता. कशासाठी, असं विचारलं की म्हातारा खेकसायचा, "चूपचाप घासा!" आणि कारण न सांगताच मेला.

छप्पन साली पंचांनी बुरजाला चुना लावायला सांगितलं. गुळगुळीत दगडावर चुना धरत नाही, हे कोणत्या गवंड्याला ठाऊक नसतं? उमाजीनं छिन्नीचे टोचे मारून सगळा पट्टा मन लावून खडबडीत केला. पावसाळ्यात चुना गळून पडला आणि त्याच खडबडीत दगडावरून साप वर चढले. अंडी गेली, पिल्लं गेली. उरलेले पारवे एका सकाळी उडाले, ते परतलेच नाहीत. तेव्हा कुठे उमाजीला आज्याचा पट्टा समजला.

मग रोज काम उरकलं की शिडी लावून तो पट्टा घासू लागला. तीन वर्षं घासला. एक दिवस त्यावर ठेवलेला हात सर्रकन घसरला.

"आता साप चढत नाई," तो खाली उभ्या असलेल्या बायकोला, वच्छलाला म्हणाला.

वच्छलानं रिकाम्या कोनाड्यांकडे पाहिलं.

"कायले चढन तो? वर हाये काय आता?"