डाव्या बुटाचं टोक

खिळेमास्तरांचं खरं नाव फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि ती त्यांना "अहो" म्हणायची. त्यामुळे ते नाव न वापरता तसंच पडून होतं.

जिन्याखालच्या दुकानात बूट-चपला दुरुस्त करताना मास्तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. बूट उलटा केला की माणूस कळतो, असा त्यांचा दावा. या शहाणपणाने एकदा त्यांची झोप उडवली.

बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार, होता. लेक रांगत होती तेव्हाच मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी निदान केलं होतं. बायकोचा डावा पाय नीट उचलला जात नसे, फरफटे. म्हणून तिच्या डाव्या बुटाचं टोक आधी झिजायचं आणि मास्तर त्यावर चामड्याचा तुकडा लावून द्यायचे. इतकी वर्षं संसार त्या तुकड्यांवर चालला होता, आणि बरा चालला होता.

एक दिवस पेपरात आलं, की शहरात या आजाराचे रुग्ण तीस वर्षांत तिप्पट झाले. साथ आली की काय, असं मास्तरांना वाटलं. त्याच संध्याकाळी दाराशी लेकीचे बूट दिसले. सवयीने उलटे केले, तर डाव्याचं टोक झिजलेलं.

बायकोपासून त्यांनी ते लपवलं. लेक कामावर निघाली की मागून तिची चाल बघत बसायचे. बायकोच्या पुढच्या तपासणीला त्यांनी काहीतरी निमित्त काढून लेकीलाही नेलं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पिशवीतून तो बूट काढून ठेवला. बायकोने बूट पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

बाईंनी लेकीचे गुडघे ठोकले, डोळे पाहिले, तिला एका रेषेत चालवलं. मुंग्या येतात का, अंधुक दिसतं का, सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, पोरगी ठणठणीत आहे. मग टोक कशाने झिजलं, मास्तरांनी विचारलं.

लेकीने मान खाली घातली. "मैत्रिणीची स्कूटर शिकतेय, बाबा. ब्रेक आठवत नाही, मग थांबायला डावा पाय घासते. आईला बसमध्ये चढायला त्रास होतो, म्हणून शिकतेय."

मास्तर सर्वांदेखत रडले. डोळे पुसून मग त्यांनी पेपरातल्या आकड्याचं विचारलं. थोडे रुग्ण खरंच वाढले असतील, बाई म्हणाल्या, पण पूर्वी कित्येकांचं निदानच होत नसे, आता तपासणीत सापडतात. "आणि दुसरं म्हणजे, पूर्वी लोक लवकर जायचे. आता जगतात. नवे येतात, जुने जात नाहीत, मग आकडा वाढणारच."

"म्हणजे मी मेले नाही म्हणून तो आकडा वाढला?" बायकोने विचारलं.

"तुम्हीही त्यात आहात."

"मग वाढू दे की आणखी," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून हसली.

घरी आल्यावर मास्तरांनी लेकीला आधी दटावलं, मग तिच्या बुटाला तुकडा लावून दिला. बायकोच्या बुटासाठी मात्र त्यांनी दुकानातलं सर्वांत जाड चामडं काढलं. पुष्कळ वर्षं टिकायला हवं, म्हणाले.