नेकार नदीपलीकडची हाक

मी केमिस्ट्रीची बाई. राशिभविष्यसुद्धा कधी वाचलं नाही आणि भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी उठून चहा टाकायला जाते. तरी हे लिहितेय… कारण आता वय झालंय आणि नवऱ्यालासुद्धा मी हा प्रसंग अर्धाच सांगितला होता.

साठच्या दशकाची सुरुवात. मी श्टुटगार्टला पीएचडी करत होते. एकटीनं गावं बघायची भारी हौस. रविवारी सकाळची गाडी पकडायची, स्टेशनवर नकाशा घ्यायचा आणि पायांचे तुकडे पडेपर्यंत भटकायचं. त्या नोव्हेंबरात हायडेलबर्गला गेले. साडीवर लांब लोकरी कोट, पायात बूट – लोक वळून बघायचे, पण त्याची सवय झाली होती. पडका किल्ला पाहिला, त्याच्या तळघरातलं घराएवढं वाइनचं पिंप पाहिलं, बाजारात कॉफी घेतली. दुपारी जुना पूल ओलांडून पलीकडच्या टेकडीवर चढले. तिथून सगळं गाव एका फोटोत मावतं, असं कॉफी देणाऱ्या बाईनं सांगितलं होतं.

वर पोचले आणि नदीवरून धुकं चढायला लागलं. बघता बघता किल्ला गेला, पूल गेला, चर्चचा मनोराही गेला. वाटेवर चिटपाखरू नाही. बाकावर काळ्या टोपीतली एक म्हातारी तेवढी बसली होती. मी ‘गूटन टाग’ म्हटलं, तिनं मान हलवली. धुकं विरायची वाट बघत मी कठड्याशी उभी राहिले.

“कुमे…”

खालून. अगदी स्पष्ट.

घरात सगळे मला कुमुद म्हणत. कुमे म्हणायचे फक्त माझे वडील – अण्णा. आणि अण्णा मिरजेला होते.

“कुमे, अगं खाली ये. किती हाका मारायच्या?”

तोच आवाज. वाक्याच्या शेवटी येणारा तोच खोकला. मला आश्चर्य वाटलंच नाही… आज भीती वाटते ती याचीच. मिरजेच्या माडीवर उभी असल्यासारखी मी म्हणाले, “आले अण्णा!” आणि कठड्यावर पाय टाकला.

मागून कुणीतरी माझा कोट असा ओढला की मी वाटेवर बसलेच. ती म्हातारी! धापा टाकत तिनं विचारलं, “कोण होतं?” काय झालं, असं नाही… कोण होतं!

“माझे वडील.”

“कुठे असतात?”

“भारतात.”

“मग ते खाली नाहीत. उठा, फ्रॉयलाइन.”

तेवढ्यात धुकं जरा फाटलं. कठड्यापलीकडे द्राक्षमळ्याचा उभा बांध होता आणि खूप खाली घरांची छपरं. मी बसल्या बसल्याच मागे सरकले.

“मला माझा मुलगा बोलावतो,” ती म्हणाली. “युद्धात रशियाला गेला तो परत आलाच नाही. धुकं पडलं की बोलावतो.” मग तिनं विचारलं, “तुम्हाला कोणत्या भाषेत बोलावलं?”

“माझ्या. मराठीत.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आल्झो…” – असं तर – ती पुटपुटली. “मला वाटत होतं, ते फक्त जर्मन बोलतं.”

‘ते’ म्हणाली ती. ‘तो’ नाही.

“मग तुम्ही इथे येता कशाला?”

“आवाज तर त्याचाच आहे ना.”

हात धरून आम्ही उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत ती थबकली आणि तोंड वळवून धुक्याकडे बघायला लागली. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मला हिसडा देऊन वळत होती. म्हाताऱ्या बाईत एवढा जोर! “चला… अहो चला ना!” मी चक्क मराठीत ओरडत होते, आणि ओढत ओढत तिला पुलापर्यंत आणलं.

“पुन्हा जाऊ नका तिथे,” मी म्हटलं.

“जा, जा,” ती म्हणाली. जर्मनमधलं ‘जा’, म्हणजे हो, हो. पण ऐकायचं नसतं तेव्हा म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी मी घरी तार केली. उत्तर आलं – सगळे खुशाल. अण्णा ठणठणीत होते आणि पुढे पुष्कळ वर्षं जगले. भारतात परतल्यावर मी त्यांना हे सांगितलं, तेव्हा ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, “मी हाक मारली असती तर घरी ये म्हटलं असतं गं. खाली कशाला बोलावीन?” त्या दिवसापासून तेही मला कुमुदच म्हणायला लागले.

असे अनुभव सांगणाऱ्यांचं माणूस बहुधा त्याच घटकेला गेलेलं असतं. शेवटचं भेटायला आलं होतं, अशी मनाची समजूत तरी घालता येते. मला तीही सोय नाही. त्या वेळी अण्णा मिरजेत पाटावर बसून जेवत होते. मग त्यांचा आवाज घेऊन तिथे खाली कोण उभं होतं, आणि मी गेले असते तर त्याला माझं काय करायचं होतं… इतकी वर्षं झाली, मला ठाऊक नाही.