उल्हासला सगळं कळतं

डब्लिनच्या मराठी मंडळात उल्हास सबनीसचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. त्याला म्हणे आयरिश लोकांचं बोलणं कळतं. डब्लिनमधल्याच टॅला भागातल्या इस्पितळात नवा लागलेला डॉक्टर अभिजित रडकुंडीला येऊन फोन करायचा, "उल्हासदादा, पेशंट दर वाक्याला 'युअर मॅन' म्हणतो. माझा कोण मॅन?" उल्हास सोफ्यावर रेलून सांगायचा, "अरे वेड्या, युअर मॅन म्हणजे तो अमका, तो गडी. प्रेस म्हणजे कपाट. मजा आली की क्रॅक. कान तयार करावा लागतो, कान!" हे शब्द उल्हाससाहेबांनी पाठ केले होते. पाठ केलेलं सांगायला कान लागत नाही, पण अभिजितला हे कोण सांगणार?

खरं सांगायचं तर सहा वर्षं आयर्लंडमध्ये काढूनही उल्हासला डब्लिनबाहेरचं बोलणं काडीचं कळत नव्हतं. कॉर्कचा माणूस बोलायला लागला की तो गाणं म्हणतोय असंच त्याला वाटायचं. ग्लासगोहून यंत्रं दुरुस्त करायला येणारा तंत्रज्ञ शिव्या देतोय की चहा मागतोय, तेही समजायचं नाही. यावर त्याने तोडगा काढला होता. समोरचा हसला की लगेच हसायचं, समोरचा थांबला की "ग्रँड, ग्रँड" म्हणायचं, म्हणजे 'ठीक आहे, ठीक आहे'. आणि गंमत बघा, निभलं!

निभलं ते पॅकीमुळे. पॅकी गॅलहर, दूर उत्तरेकडच्या डोनेगॉलचा, अठ्ठावन्न वर्षांचा. नास गावाजवळच्या एका कारखान्यात सलाइनच्या नळ्यांना लागणारे प्लास्टिकचे भाग बनतात, तिथे हा रात्रपाळीचा मुख्य आणि उल्हास दिवसपाळीचा इंजिनिअर. सकाळी आठला पाळी बदलताना रात्री काय बिघडलं ते पॅकीने उल्हासला सांगायचं. पॅकीचं बोलणं असं, की खुद्द डब्लिनची माणसं त्याला दोनदा "काय?" म्हणून विचारायची. उल्हास विचारायचा नाही. विचारलं तर ह्याला कळत नाही हे कळेल ना! पहिल्याच आठवड्यात पॅकीने ते ओळखलं. बोलला काही नाही. उल्हासचा दंड धरून त्याला यंत्रापाशी न्यायचा, बिघडलेल्या जागेवर बोट ठेवायचा, चालवायचं नसेल तर अंगठा खाली करून दाखवायचा. रोज, पाच वर्षं. एवढा भला माणूस मिळाला होता या नशीबवान गाढवाला, आणि घरी येऊन तो बायकोला, विभावरीला सांगायचा, "पॅकीचं बोलणं अख्ख्या कारखान्यात फक्त मला कळतं."

मग करोना आला. दोन पाळ्यांची माणसं समोरासमोर यायला नकोत असा नियम निघाला. रात्रपाळीने मागच्या दाराने जायचं, दिवसपाळीने पुढच्या दाराने यायचं, आणि काय सांगायचं ते फोनवर. दंड धरणारा हात गेला, बोट गेलं, अंगठाही गेला. तरी पॅकी बिचारा बिघडलेल्या यंत्राला लाल पुठ्ठा बांधून जायचा, म्हणून ते वर्षही निघालं.

एकवीस सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी सव्वासातला पॅकीचा फोन आला. उल्हास पोहे खात होता, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला. समोर त्याची अकरा वर्षांची मुलगी स्वरांगी कॉर्नफ्लेक्स खात होती, शाळा बंद असल्यामुळे पायजम्यातच. पॅकी नेहमीपेक्षा बराच वेळ बोलला. थांबला, तेव्हा उल्हास म्हणाला, "ग्रँड, पॅकी, नो बॉदर."

पॅकी सांगत होता ते एवढंच, की सात नंबरच्या यंत्राचं दार उघडलं तरी यंत्र थांबत नाही, ते चालवू नकोस. लाल पुठ्ठाही त्याने बांधला होता. पण सकाळी जंतुनाशक फवारायला आलेल्या मंडळींनी तो काढून कचऱ्यात टाकला. दहा वाजता उल्हासने सात नंबर सुरू करायला सांगितलं. साडेदहाला बेआता नावाच्या पोलिश बाईने अडकलेला तुकडा काढायला दार उघडून आत हात घातला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

पुढच्या बुधवारी दुपारी साडेतीनला चौकशी झाली, व्हिडिओवर. उल्हास घरी, जेवणाच्या टेबलाशी. पलीकडच्या टोकाला स्वरांगी गणितं सोडवत होती, विभावरी स्वयंपाकघराच्या दारात उभी. पडद्यावर कंपनीतर्फे चौकशी करणारी ऑर्ला.

"पॅकी म्हणतो, सात चालवू नकोस असं त्याने तुला सांगितलं होतं," ऑर्ला म्हणाली. "पुठ्ठा सापडला नाही, लेखी काही नाही. उल्हास, राग मानू नकोस, पण त्याने सांगितलं आणि तुला समजलं नाही, असं झालं असेल का? अरे, आम्हालाही त्याचं निम्मं समजत नाही. तसं असेल तर दोष कुणा एकाचा नाही, फोनवर सांगायच्या पद्धतीचा आहे. उद्यापासून सगळं लेखी करू आणि विषय मिटवू."

दार सताड उघडून दिलं होतं त्या बाईने. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पॅकीची नोकरी राहिली असती, ह्याचीही. पण उल्हासने एकदा पडद्यावरच्या चौकटीत स्वतःचा चेहरा पाहिला, एकदा दारातल्या बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाही ऑर्ला. मला इथलं बोलणं समजायला कधीच अडचण आलेली नाही. पॅकीचं तर शब्दन् शब्द कळतं. त्याने सातचं नावही काढलं नाही."

"म्हणजे पॅकी खोटं बोलतोय?"

"मी तसं म्हणत नाही. त्याने सांगितलं नाही, एवढंच म्हणतो."

वा रे पठ्ठ्या! ऑर्ला म्हणाली, "पाच वाजता पॅकीला कामावरून काढल्याचं पत्र जाईल. त्याआधी काही आठवलं तर मला फोन कर."

पडदा बंद झाला. स्वरांगीने मान वर केली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर कायम इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश वळणाचं. "पण बाबा, त्याने सांगितलं होतं," ती म्हणाली. "सात चालवू नकोस, दार उघडलं तरी थांबत नाही, कुणाचा तरी हात जाईल. दोनदा सांगितलं. तू ग्रँड म्हणालास, म्हणून मला वाटलं तुला समजलं."



"फोन कर," विभावरी म्हणाली. "अजून तासभर आहे."

"आणि काय सांगू?"

"समजलं नव्हतं म्हणून सांग! ती बाई स्वतःच म्हणत होती ना?"

"आत्ताच शब्दन् शब्द कळतं म्हणालो! आता माझ्या पोरीला कळलं आणि मला नाही, असं सांगू? जगभर शोभा होईल माझी." तो स्वरांगीकडे वळला. "तुझंच ऐकण्यात चुकलं. डोनेगॉलचं बोलणं आहे ते, भल्याभल्यांना समजत नाही, तुला काय समजणार?"

"माझं नाही चुकलं, बाबा."

"चुकलं! आणि बाहेर कुणापाशी बोललीस ना, तर माझी नोकरी जाईल, चंबूगबाळं आवरून परत जावं लागेल. तुझी शाळा, तुझ्या मैत्रिणी, सगळं संपलं. समजलं?"

स्वरांगी वहीत बघत राहिली. विभावरीने आत जाऊन बेडरूमचं दार आपटलं. पावणेपाच झाले, पाच झाले. उल्हासने चहा केला आणि एकट्याने प्याला. स्वतःच्या लेकीला दम देऊन त्याने एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाचा गळा कापला होता. लाज कशी वाटली नाही मेल्याला!

साडेसहाला फोन वाजला. पॅकी. उचलला नाही तर वाईट दिसेल म्हणून उल्हासने उचलला आणि सवयीने स्पीकरवर टाकला. ओरडेल, आईबहिणीवरून बोलेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. पॅकी ओरडला नाही. हळू, शांत आवाजात तो चांगला दोन-तीन मिनिटं बोलत होता. मध्ये एकदा आवाज फाटला, मग सावरला. उल्हासला त्यातलं स्वतःचं नाव कळलं आणि एक आकडा कळला, सहा. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. पॅकी बोलायचा थांबला आणि वाट बघत राहिला. तो थांबला की काय म्हणायचं ते उल्हासच्या जिभेला पाठ होतं.

"ग्रँड, पॅकी," तो म्हणाला.

पलीकडे एक श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला.

स्वरांगीचा चेहरा पांढराफटक पडला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती.

"काय म्हणाला गं तो?" उल्हासने विचारलं. "शिव्या दिल्या? कोर्टात जाणार म्हणाला? माफ केलं म्हणाला का? स्वरा, सांग ना बाळा, काय म्हणाला?"

तिने पेन्सिल कंपासपेटीत ठेवली, वही मिटली आणि उठली.

"तुला त्याचं शब्दन् शब्द कळतं ना, बाबा," ती म्हणाली, आणि जिना चढून वर गेली. उल्हासने नंतर लाडीगोडी लावून पाहिली, रागावून पाहिलं, विभावरीकरवी विचारून पाहिलं. वर्ष संपत आलं, तिने अजून सांगितलेलं नाही.