व्यायाम हॉलमध्येच

गोखिवऱ्यात एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर पाळणाघर आहे. तिथे मी बरीच वर्षं मुलं सांभाळते. मुलं मला मावशी म्हणतात, त्यांचे आईबापही मावशीच म्हणतात, आणि पाळणाघर जिचं आहे तिला आम्ही सगळे काकू म्हणतो. नात्यांची आमच्याकडे अजिबात कमतरता नाही.

आमचं सगळं काम जमिनीवर चालतं. लंगोट बदलायचे गादीवर, भरवायचं चटईवर, सांडलेलं पुसायचं फरशीवर. झोपवायचं पायावर. म्हणजे पाय लांब करून बसायचं, पोराला पायांवर आडवं घ्यायचं आणि त्याचा डोळा लागेपर्यंत मान खाली घालून पाय हलवत राहायचं. एक झोपलं की दुसरं. उरलेल्या वेळात कुणीतरी कडेवर असतंच, आणि माझ्या बाबतीत कायम डाव्याच.

एका सकाळी माझी मान वळेना. हाताला मुंग्या आल्या त्या जाईनात, आणि दुपारी हातातली दुधाची बाटली सुटून पडली. बाटली पडली तशी मी घाबरले, कारण उद्या तिच्या जागी पोर असू शकतं. काकू म्हणाल्या, "बाम लाव." मी इतका बाम लावला की मुलं माझ्याजवळ आली की शिंकायला लागली. माझ्याआधीच्या मावशीची कंबर गेली तेव्हा काकूंनी तिला पेढ्यांचा बॉक्स देऊन निरोप दिला होता. मला पेढे नको होते, मला हे काम हवं होतं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती, पण रागावली सासूसारखी. भिंतीला पाठ आणि डोकं टेकवून उभं राहायचं, हनुवटी हळूच आत ओढायची. खांदे मागे फिरवायचे. हात आणि गुडघे टेकून पाठ वर फुगवायची, मग सैल सोडायची. पोर उचलायचं तर कमरेतून वाकायचं नाही. एक गुडघा टेकायचा, पोराला पोटाशी धरायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं. जे चालायला लागलंय त्याला उठसूट कडेवर घ्यायचंच नाही. आपण खाली बसायचं आणि त्याला आपल्याकडे येऊ द्यायचं. "आणि हे रोज करायचं," ती म्हणाली. "दुखल्यावर काय, सगळेच करतात."

मी सुरू केलं. सकाळचं खाणं झालं की मुलं ठोकळे घेऊन बसतात, तेव्हा. माझ्या जोडीची ताई मुलांकडे बघायची आणि मी करायचे, मग मी बघायचे आणि ती करायची. मी हातागुडघ्यांवर आले की दोन-तीन पोरं शेजारी येऊन तशीच व्हायची आणि म्हशीसारखी हंबरायची. महिन्याभराने मान वळायला लागली. मुंग्या कमी झाल्या.

वटारला माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती हसायला लागली. "आमी वाडीत पानी लावलं, भारे वायले, वर तुमाला कडंवर घेऊन फिरलो. आमाला कोनी व्यायाम शिकवला?"

"म्हणून तर आज तुला खाली बसता येत नाही," मी म्हटलं. मला वाईट वाटलं, पण बोलले ते खरं होतं.

आमच्या हॉलमध्ये कॅमेरा आहे. मुंबईत ऑफिसात बसलेल्या आयांना फोनवर आपलं मूल दिसतं. एक दिवस पालकांच्या ग्रुपवर एका आईचा मेसेज आला: मावशी मुलं सोडून व्यायाम करतायत का? काकूंनी फोन माझ्यासमोर धरला.

"तुझं ते स्वयंपाकघरात कर. तिथे कॅमेरा नाही."

"मी चोरी करतेय का, लपून करायला? हॉलमध्येच करणार."

"मग मी दुसरी बघू?"

"बघा," मी म्हटलं. जोडीची ताई दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने स्वयंपाकघरात जायला लागली. तिला मी नावं ठेवत नाही.

शनिवारी ती आई स्वतः आली. तिचा मुलगा दीड वर्षाचा, नुकता धावायला शिकलेला.

"तो हात वर करून रडत होता आणि तुम्ही त्याला घेतलं नाही. मी पाहिलं."

"मी खाली बसले ते पाहिलंत का? ये म्हणून बोलावत होते. कॅमेऱ्यात आवाज येत नाही ताई. आला असता तर तो माझ्या मांडीवर येऊन हसला तेही ऐकू आलं असतं."

"मूल उचलायचं नसेल तर या कामात कशाला आलात?"

हे मला लागलं. "तुमचा एक आहे," मी म्हटलं, "माझ्याकडे डझनभर आहेत. सगळ्यांना दिवसभर उचलत बसले तर वर्षभरात माझ्या हातून एखादं पडेल. ते तुमचं असलं तर चालेल?"

पुढचा आठवडा संपल्यावर तिने मुलाला काढलं. न्यायला आली तेव्हा त्याने माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. आई बघत होती, दारात काकू बघत होत्या. झटकन वाकून उचललं असतं तर कदाचित तो राहिलाही असता. मला उचलावंसं वाटलं, फार वाटलं. मी खाली बसले. तो धावत आला, माझ्या गळ्यात पडला. मी गुडघा टेकला, त्याला पोटाशी धरलं आणि सावकाश उठून त्याच्या आईच्या हातात दिलं. मग मोरीत जाऊन रडले.

सोमवारी काकू म्हणाल्या, "एक गिऱ्हाईक गेलं. आता तरी आत करशील ना?"

मी चटई उचलली आणि बरोबर कॅमेऱ्यासमोर अंथरली. ज्यांना आपलं मूल न्यायचंय त्यांनी खुशाल न्यावं. मला अजून वीस वर्षं लोकांची पोरं सांभाळायची आहेत.